शेळीपालकाकडून थेट मटण : दोन फेऱ्यांचा हिशेब

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका सोसायटीतल्या नऊ कुटुंबांनी दुकानातून मटण आणण्याऐवजी थेट शेळीपालकाकडून बोकड घ्यायचे ठरवले. शेळीपालक पुरंदर तालुक्यातला. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

या शेळीपालकाकडे चाळीसेक उस्मानाबादी शेळ्या आहेत. सकाळी दहा ते दुपारी तीन डोंगरकडेला चराई. संध्याकाळी गोठ्यात शेवरी-सुबाभळीचा पाला, मेथीघास, तुरीचे भूस आणि वाढीच्या बोकडांना रोज २०० ग्रॅम मक्याचा भरडा. गोठ्याची जमीन मुरमाची, दर पंधरवड्याला चुना मारलेली. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी ठरलेली. नर करडे तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांकडून चिमट्याने खच्ची करून घेतात, त्यामुळे मटणाला उग्र वास राहत नाही. वर्ष-सव्वा वर्षात बोकड २४ ते २८ किलोंचा होतो.

एरवी हे बोकड यवत किंवा लोणंदच्या बाजारात जायचे. तिथे व्यापारी कमरेवर आणि बरगड्यांवर हात फिरवून नगाचा भाव बोलतो. काट्याचा संबंध नाही. शेळीपालकाला वजनावर पैसे हवे होते. कुटुंबांना दाटीवाटीने पिकअपमध्ये कोंबून न आणलेले आणि औषधांचा हिशेब माहीत असलेले जनावर हवे होते. दोघांची गरज जुळणारी होती आणि वर्षभराच्या सांभाळात खोट काढण्यासारखे काही नव्हते. पहिल्या फेरीत जे बिघडले ते सगळे शेवटच्या चोवीस तासांत.

अडचण कुठे होती

पहिली अडचण घरातूनच आली. नऊपैकी दोन कुटुंबे बोल्हाईची. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी अनेक घरे शेळी-बोकडाचे मटण खात नाहीत, त्यांना मेंढीचेच लागते. ही गोष्ट पुण्यात मटणाच्या दुकानावरच्या पाटीपासून सर्वांना ठाऊक असते. तरीही व्हॉट्सॲपवर यादी पक्की होईपर्यंत कुणी विचारले नाही. ती दोन कुटुंबे बाहेर पडली.

दुसरी अडचण जास्त अवघड. कापण्यापूर्वी जनावर बेशुद्ध करण्याची सोय गावात नव्हती. एका कुटुंबाचे म्हणणे असे की ही सोय नसेल तर ‘माणुसकीने पाळलेले’ हा शब्द अर्धाच खरा आहे. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हते. तेही कुटुंब थांबले. उरली सहा कुटुंबे, त्यांची मागणी २६ किलो : चौघांना चार-चार, दोघांना पाच-पाच.

विचारात घेतलेले पर्याय

बोकड जिवंत शहरात आणून सोसायटीच्या मागे कापावा, ही सूचना आली आणि लगेच बाद झाली. महापालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. २००१ च्या कत्तलखाना नियमांत ते स्पष्ट आहे. शिवाय दोन बोकडांना घाटातून ट्रॅफिकमधून आणायचे तर थेट खरेदीचा मुद्दाच राहत नाही.

शहरातल्या कत्तलखान्यात आपला बोकड द्यायचा, हा पर्याय कागदावर सर्वांत स्वच्छ. पण वाहतूक, रांग, अनोळखी कळपात उभे राहणे, आणि शेवटी आपलेच धड परत मिळेल याची खात्री देणारे कुणी नाही.

तिसरा पर्याय, तीन किलोमीटरवरच्या खाटकाला शेतावर बोलावणे. चौथा, त्याच खाटकाच्या नोंदणी असलेल्या दुकानात बोकड नेणे. दिवसाला दहापर्यंत लहान जनावरे कापणाऱ्याला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत साधी नोंदणी पुरते, आणि ती या दुकानाकडे होती. कुटुंबांनी तिसरा पर्याय निवडला, कारण जनावराला कुठेच हलवावे लागणार नव्हते. ‘आम्ही जिवंत बोकड विकत घेतला, कापणावळ वेगळी दिली’ अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. घरच्या कार्याला बोकड कापणे वेगळे आणि सहा घरांना पैसे घेऊन मटण पुरवणे वेगळे. ही समजूत तपासणीत टिकली नसती.

पहिली फेरी : नोव्हेंबर

जिवंत वजनावर किलोला ४२० रुपये ठरले. लेखी काही नाही, निम्मे पैसे आगाऊ. आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता दोन कुटुंबांतली माणसे गोठ्यावर पोचली. निवडलेल्या दोन बोकडांपैकी एकाच्या नाकाशी वाळलेला शेंबूड दिसला म्हणून एकीने सहज विचारले, याला काही झाले होते का? शेळीपालकाने काही न लपवता सांगितले, “खोकला होता, डॉक्टरांनी सुई दिली होती. पंधरा-सोळा दिवस झाले असतील, आता ठणठणीत आहे ताई.” कोनाड्यातली बाटली निघाली : जास्त काळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन. लेबलवर मांसासाठी २८ दिवस थांबा असे छापलेले.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. असे औषध शरीरातून जायला वेळ लागतो. सुई जिथे दिली त्या मांडीत किंवा मानेत ते सर्वांत जास्त रेंगाळते. बाटलीवर मुदत छापलेली नसेल तरी मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असे औषध नियमांत २०१२ पासून आहे. कुटुंबांपुढे तीन वाटा होत्या : तोच बोकड घ्यायचा, फेरी बारा दिवस पुढे ढकलायची, किंवा दुसरा बोकड घ्यायचा. खाटीक पहाटेचा ठरला होता, घरी पाहुणे येणार होते. दुसरा बोकड घ्यायचे ठरले.

निर्णय औषधाच्या दृष्टीने बरोबर होता. पण अंधारात कळपातून तिसरा बोकड धरायचा म्हणजे पाठलाग. दहा-पंधरा मिनिटे सगळा गोठा उधळला. शेवटी पकडून तो बाहेर बाभळीला एकटा बांधला आणि रात्रभर ओरडत राहिला. शेळी कळपाचे जनावर आहे, एकटे पडणे हाच तिला मोठा ताण.

वजन तिथल्या तिथे झाले : २७.४ आणि २४.८, मिळून ५२.२ किलो. दोन्ही पोटे चराईने आणि पाल्याने टम्म. पैसे झाले २१,९२४. पहाटे खाटकाने दोन्ही कापले, सोलले, तासाभरात तुकडे केले. गरम मटण पिशव्यांत भरून बर्फाच्या थर्माकोल पेट्यांत ठेवले. दहाच्या सुमारास ते सोसायटीत आणि पाच घरांत थेट डीप फ्रीजरमध्ये. सहाव्या घराने अकरा वाजता कुकर लावला.

काय बिघडले आणि का

सोललेले धड भरले २२.४ किलो, म्हणजे जिवंत वजनाच्या ४३ टक्क्यांच्या आसपास. कुटुंबांनी ‘निम्मे निघते’ असे गृहीत धरले होते. कलेजी, गुर्दे, दिल धरून १.७ किलो वाढले, एकूण २४.१. मागणी २६ ची. दोन घरांना कमी पडले आणि शेळीपालकाने पाणी पाजून वजन वाढवले की काय, अशी कुजबुज सुरू झाली. तसे काही नव्हते. चरून आलेल्या शेळीच्या पोटातला चारा-पाणी सहज दोन किलो भरतो, आणि तो वजडीबरोबर बाहेर जातो. उपाशी पोटी केलेल्या वजनावर उस्मानाबादीचे धड साधारण ४५ ते ४८ टक्के बसते. ५० टक्के मिळेल असे धरून मागणी नोंदवणे हाच चुकीचा हिशेब होता.

खर्च : बोकड २१,९२४, कापणावळ १,२००, गाडी आणि बर्फ १,३००. बेरीज २४,४२४, म्हणजे किलोला १,०१३ रुपये. तेव्हा शहरात दुकानात भाव ७६० च्या आसपास होता. थेट घेतले की स्वस्त पडते, ही अपेक्षा इथेच संपली. दुकानदार दिवसाला अनेक बोकडांवर खर्च वाटतो, मुंडी-पाया, वजडी आणि कातडे वेगळे विकतो. इथे ते सगळे रिवाजाप्रमाणे खाटकाकडे गेले होते.

खरी तक्रार मात्र दोन आठवड्यांनी आली. फ्रीजरमधले मटण वातड. आठ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली रबरासारखे. आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी अकरा वाजता शिजवणाऱ्या घराची काहीच तक्रार नव्हती.

याचे कारण स्नायूत आहे. जनावर कापल्यावर स्नायू लगेच ‘मरत’ नाही. त्यातली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, हळूहळू आम्लात बदलते, काही तासांत मांस आखडते आणि मग दिवसभरात सैल पडू लागते. आखडण्यापूर्वी शिजवले तर मऊ लागते. जत्रेतला बोकड कापून दोन तासांत चुलीवर चढतो तो म्हणून चांगला लागतो. आखडून सैल पडल्यावर शिजवले तरी मऊ. मधल्या काळात ते थंडगार केले तर बिघडते : मांसाचे तापमान आम्ल पुरेसे तयार होण्याआधीच १० अंशांच्या खाली गेले तर तंतू घट्ट आवळले जातात. तसेच गोठवले तर ते आखडणे पुढे ढकलले जाते आणि फ्रीजरमधून बाहेर काढल्यावर जोरात होते. बोकडाचे धड लहान आणि चरबी कमी, त्यात आधीच तुकडे केलेले. ते बर्फात फार लवकर गार होते. म्हणजे ताजेपणासाठी केलेली घाईच नडली.

दुसऱ्या बोकडाचे मटण आणखी वेगळे होते. रंग काळपट लाल, हाताला चिकट, शिजताना पाणी जवळजवळ सुटले नाही. रात्रभर ओरडणाऱ्या, धावपळ झालेल्या जनावराची ग्लायकोजेन कापण्याआधीच संपते. आम्ल तयार व्हायला काही उरत नाही. असे मटण लवकर खराबही होते. या खुणा तंतोतंत जुळत होत्या. औषधाचा प्रश्न सोडवताना हाताळणीचा प्रश्न निर्माण झाला होता, आणि तो थेट ताटात आला.

दुसरी फेरी : जानेवारी

यावेळी महिनाभर आधी एका पानावर करार लिहिला. कानातल्या बिल्ल्याचे नंबर, शेवटच्या जंतनाशकाची आणि सुईची तारीख, वजन कधी आणि कुठे करायचे, कातडे-मुंडी-वजडी कुणाची, आणि ठरल्या दिवशी जनावर आजारी निघाले तर काय. दोन हवे असताना तीन बोकड निवडले आणि महिनाभर एकत्र एका कप्प्यात ठेवले. तिसरा राखीव. गरज पडली तर पाठलाग नको.

जागा बदलली : शेत नव्हे, खाटकाचे नोंदणीकृत दुकान. त्यासाठी तीन किलोमीटरची वाहतूक पत्करली. आदल्या दिवशी पहाटे तिन्ही बोकड पिकअपमध्ये, खाली जाड भूस टाकून, एकत्र नेले. दुकानामागच्या कप्प्यात जवळजवळ चोवीस तास विश्रांती. कत्तलखाना नियमांतही एवढीच विश्रांती सांगितली आहे. दुपारी चारनंतर चारा बंद, पाणी शेवटपर्यंत समोर. संध्याकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिघांना तपासले : ताप, श्वास, नाक, लेंडी. तिन्ही ठीक, म्हणून राखीव बोकड परत कळपात गेला. दोघे शेवटपर्यंत सोबत राहिले.

पहाटे उपाशी पोटी वजन : २५.१ आणि २३.३, मिळून ४८.४ किलो. भाव ४५० केला होता. रक्कम २१,७८०. पहिल्या फेरीच्या २१,९२४ शी ताडून पाहा : शेळीपालकाला जवळजवळ तेवढेच मिळाले, पण चाऱ्याचे वजन हिशेबातून गेले आणि त्याबरोबर कुजबुजही.

एक बोकड कापताना दुसरा भिंतीआड ठेवला. नियमही तेच सांगतो. खाटकाला फक्त दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सुरी मानेच्या रुंदीच्या दुप्पट लांबीची आणि प्रत्येक जनावराआधी पुन्हा धार लावलेली असावी, म्हणजे एकाच फटक्यात दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या तुटतात. आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत, डोळ्याला बोट लावून पापणी हलत नाही हे पाहिल्याशिवाय, सोलायला हात लावायचा नाही. पहिल्या फेरीत घाईत ही दुसरी गोष्ट पाळली गेली नव्हती.

धड तुकडे न करता अख्खे टांगले. जानेवारीची पहाट थंड होती. जाळीच्या खोलीत, मलमलीच्या कापडाखाली सहा तास. मग दुकानातल्या शीतपेयांच्या उभ्या काचेच्या फ्रीजमध्ये : मधली शेल्फे काढून वर आडवी सळई, त्यावर आकड्यांना उभी चिरलेली अर्धी धडे, खाली परात, आतले तापमान ३ अंश. दुसऱ्या दिवशी मांडीत हाडाजवळ तापमापी खुपसून ७ अंशांच्या खाली आल्याचे पाहिले, मगच तुकडे केले.

इथे एक गोष्ट निघाली. एका कलेजीवर पाण्याने भरलेल्या दोन पांढऱ्या गाठी होत्या. या कृमीच्या गाठी. कुत्र्याच्या विष्ठेतून चराईच्या गवतावर अंडी येतात, शेळी ती खाते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती कलेजी बाद केली आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. बाहेर फेकली आणि कुत्र्याने खाल्ली तर चक्र पुन्हा सुरू. पहिल्या फेरीत कलेजी कुणी उघडून पाहिलीच नव्हती. शेळीपालकाने त्यानंतर गोठ्यावरच्या दोन्ही कुत्र्यांना नियमित जंतनाशक सुरू केले.

वाटणीची पद्धतही बदलली. किलोने मागणी घेणे बंद करून गावच्या रीतीने वाटे घातले. स्वच्छ ताडपत्रीवर बारा ढीग. मांडी, खांदा, चाप, सीना, मान, नळी प्रत्येकी थोडे-थोडे प्रत्येक ढिगात, काट्यावर सारखे करून. मग चिठ्ठी. एका घराला दोन वाटे. चाप कुणाला आणि मान कुणाला, हा नोव्हेंबरमधला वाद उद्भवलाच नाही, आणि कमी पडले असेही कुणी म्हणू शकले नाही.

निष्पत्ती

धड २३.० किलो, म्हणजे ४७.५ टक्के. कलेजी-गुर्दे-दिल १.३. एकूण २४.३ किलो. खर्च : बोकड २१,७८०, कापणावळ १,२००, गाडी-बर्फ ९००; बेरीज २३,८८०. किलोला ९८३ रुपये, एका वाट्याला १,९९०. दुकानापेक्षा महागच. यावेळी मुंड्या आणि पाये कुटुंबांनी घेतले, ते या हिशेबात धरलेले नाहीत. डॉक्टरांची फी शेळीपालकाने स्वतः दिली. पुढच्या करारात ती खर्चात धरायला हवी.

गोठवलेले मटण तीन आठवड्यांनी शिजवले तेव्हा चार शिट्ट्यांत झाले. दोन्ही बोकडांचा रंग एकसारखा होता. सहापैकी एक कुटुंब भावामुळे बाहेर पडले.

बोल्हाईच्या दोन घरांची सोय आडवाटेने झाली. सुगीनंतर शेळीपालकाच्या रानात एक मेंढपाळ लेंडीखतासाठी मेंढ्या बसवतो. त्याच्याकडचा एक मेंढा त्याच करारावर, त्याच दुकानात घेतला. औषधांची नोंद मात्र मेंढपाळाकडे नव्हती. म्हणून त्याला फेरीआधी ३० दिवस मेंढ्याला काहीही टोचू नये असे सांगून मेंढा शेळीपालकाच्या कप्प्यात आणून ठेवावा लागला. त्याचे खावटीचे पैसे वेगळे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या फेरीत बोकड बदलण्यापेक्षा फेरी पुढे ढकलणे बरे होते. पाहुण्यांना दुकानातले मटण चालले असते. औषधाचा प्रश्न महिनाभर आधी विचारला असता तर हा पेच आलाच नसता. बोकड निवडतानाच बाटली मागून घ्यावी. ‘काही दिले नाही ना’ असे विचारले की बहुतेक जण प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण सुई त्यांच्या लक्षात नसते.

बाद झालेल्या कलेजीचे नुकसान कुणाचे, हे करारात नव्हते. दुसऱ्या फेरीत ते सहा घरांनी मुकाट्याने वाटून घेतले. कलेजी एकच होती म्हणून जमले. अख्खे धड बाद झाले असते तर काय, याचे उत्तर आगाऊ लिहून ठेवायला हवे.

भाव जिवंत वजनाऐवजी सोललेल्या धडावर लावणे दोघांच्या सोयीचे ठरले असते. दुसऱ्या फेरीचे २१,७८० रुपये धडाच्या वजनावर काढले तर किलोला सुमारे ९४७ येतात. असा भाव असला की पोट भरलेले की रिकामे हा प्रश्नच उरत नाही, आणि भरडा खाऊन अंग धरलेल्या बोकडाला आपोआप जास्त पैसे मिळतात. शेळीपालकाने याला नकार दिला, आणि त्याचे कारण रास्त होते : धड काट्यावर चढते तेव्हा तो तिथे नसतो. तो किंवा त्याचा मुलगा तुकडे करण्याआधी हजर राहणार असेल तर पुढच्या फेरीत हा भाव लावता येईल.

वेळेचेही गणित आहे. बकरी ईदच्या आधीच्या दीड महिन्यात देखण्या बोकडाला वजनाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त मिळतात. त्या काळात शेळीपालकाने या गटाला सरळ नाही सांगितले. एप्रिल-मेमध्ये सहा तास बाहेर टांगणे धोक्याचे. तेव्हा १२ ते १५ अंशांवर राखलेली खोली हवी, नाहीतर त्याच दिवशी शिजवणाऱ्यांनीच वाटा घ्यावा. गटारीच्या गर्दीत खाटकाला चोवीस तास फ्रीज अडवून ठेवणे परवडत नाही. म्हणून या गटाच्या फेऱ्या आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच ठरल्या आहेत, आणि प्रत्येक फेरीची नोंद शेळीपालकाच्या वहीत महिनाभर आधी, बिल्ल्याच्या नंबरासकट होते.